लेकराचा चेहरा कोणाच्या नावावर?

आमच्या नागपुरातल्या सोसायटीत गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, एक नवी स्पर्धा झाली. लाकडी नंदी सजवून, धोतर-फेटा किंवा नऊवारी घालून आलेल्या तीसेक मुलांचे फोटो सोसायटीच्या फेसबुक पेजवर टाकले गेले. प्रत्येक फोटोखाली नाव, वय, शाळा आणि इमारत. ज्याला लाइक जास्त, त्याला सायकल. आठवडाभर आईबाप नात्यागोत्यात, ऑफिसात, कुठल्या कुठल्या ग्रुपवर लिंक पाठवत होते. यंदा वर्गणी ठरवायला बैठक बसली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका आईने सांगितलं, माझ्या मुलीचा फोटो टाकायचा नाही. "अहो ताई, फोटोच तर हाये, लेकराले कोणी पळवून नेऊन राहिलं का?" इथून सुरू झालेली चर्चा दहा मिनिटांत ऑस्ट्रेलियाला पोचली. एक काकाजी म्हणाले, तिथल्यासारखी सोळा वर्षांखाली सरसकट बंदी आणा, पोट्टे मोबाइलनं बिघडले. एक तरुण बाप म्हणाला, बंदीनं काही होत नाही, मुलांना वापर शिकवा. दोघं तावातावाने बोलत राहिले. जिने विषय काढला होता तिला पुन्हा कोणी काही विचारलंच नाही.

गेले काही महिने वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि पालकसभांत ही चर्चा याच वळणाने जाते आहे. एक बाजू मुलाच्या हातातून मोबाइल काढून घ्यायला सांगते, दुसरी हातात देऊन शिकवायला सांगते, आणि दोघींची नजर मुलाच्या अंगठ्यावर असते. पण तो अंगठा पडद्याला लागायच्या कितीतरी आधी, अनेकदा प्रसूतिगृहातल्या पहिल्याच दिवशी, त्या मुलाचा चेहरा तिथे पोचलेला असतो. पोचवणारे हात आपले असतात. माझं म्हणणं असं आहे: लहान मुलाचा चेहरा, नाव, आवाज, रडणं-हसणं ही त्याची मालमत्ता आहे आणि आईबाप तिचे राखणदार आहेत. समजून-उमजून होकार देण्याइतकं मूल मोठं होईपर्यंत ती अनोळखी लोकांपुढे मांडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्यातून पैसा येत असेल, तर तो मुलाचा आहे. मुलाने कितव्या वर्षी खातं उघडावं, हा प्रश्न यानंतर येतो.

ऑस्ट्रेलियाचा दाखला दोन्ही बाजू देतात, पण तो कायदा नेमकं काय करतो हे फारसं कोणी सांगत नाही. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. नियम पाळण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे, दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो, आणि मुलाला किंवा पालकांना शिक्षा नाही. कंपन्यांची मानगूट धरण्याची ही दिशा मला मनापासून पटते. लेकराला पडद्यापाशी खिळवून ठेवण्यासाठी तिकडे पगारी हुशार माणसांची फौज बसली आहे. तिच्यापुढे एकट्या आईच्या "आता ठेव तो फोन" म्हणण्यात जोर तो किती असणार? पण हा कायदा मुलाच्या खात्याचा आहे. आईच्या खात्यावर त्याच मुलाचे चारशे व्हिडिओ असले तरी तो त्यांना हात लावत नाही. आमची लाइकची स्पर्धा सिडनीतही बिनदिक्कत झाली असती. आणि बंदीचा आपला स्वतःचा अनुभव काय आहे? २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील आणलं. टाळेबंदी उठल्यावर फुटाळा तलावावर लेकरांना उभं करून "अजून एकदा नाच, नीट नाच" म्हणणारे आईबाप होतेच, त्यांनी फक्त अ‍ॅप बदललं होतं.

इन्स्टाग्रामच्या नियमाने तेरा वर्षांखालच्या मुलाला खातं उघडता येत नाही. मात्र खातं आई किंवा वडील चालवतात असं वर स्पष्ट लिहिलं, तर तेरा वर्षांखालच्या मुलाच्या नावानेही ते चालतं. म्हणजे दाराला कुलूप आहे आणि किल्ली आपल्याकडे दिलेली आहे. तो तेराचा आकडासुद्धा मुलांच्या मनाचा अभ्यास करून आलेला नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची परवानगी घ्या, असं सांगणाऱ्या १९९८ च्या अमेरिकन कायद्यातून तो आला.

ही चूक मी स्वतः केली आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याला आम्ही महाल भागात माझ्या माहेरी होतो. पिवळा फेटा, कपाळाला गंध, हातात नंदीची दोरी. तिसऱ्या घरी बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना देतात ते पैसे, मागायला गेला आणि नंदीचं एक चाक निघालं. एक हात बोजाऱ्यासाठी पुढे, दुसऱ्या हातात ते चाक, आणि डोळ्यांतून धारा. मला ते इतकं गोड वाटलं की त्याला जवळ घेण्याआधी मी व्हिडिओ काढला आणि रात्री सगळ्यांना दिसेल असा टाकला. शहरातल्या गमतीजमती टाकणाऱ्या एका पेजने तो उचलला. मला अभिमान वाटला. परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका भाच्याने स्टिकर पाठवला: रडणारं पोर, खाली "पगार झालाच नाही". फेटा पिवळा होता. भाच्याला ते पोर कोण हे ठाऊकच नव्हतं, त्याला तो ऑफिसातल्या कोणाकडून आला होता. मी मुलाला विचारलं. तो आता चौदा वर्षांचा आहे. म्हणाला, "वर्गात वर्षभरापासून आहे. तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटलं असतं." मूळ व्हिडिओ मी त्याच रात्री काढून टाकला. त्या स्टिकरला मात्र मालक नाही, पत्ता नाही, तो काढा म्हणून कोणाला सांगायचं हेही कळत नाही.

आमच्या वाट्याला आलं ते सौम्यच म्हणायचं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२४ मध्ये, आयांनी चालवलेल्या लहान मुलींच्या खात्यांचा शोध घेतला तेव्हा त्या मुलींच्या चाहत्यांच्या गर्दीत विकृत नजरेचे प्रौढ पुरुष मोठ्या संख्येने सापडले. आता तर साधा शाळेच्या गणवेशातला फोटो घेऊन त्यातून अश्लील चित्र बनवणारी साधनं कोणाच्याही फोनवर चालतात. यावर एक जोरदार आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे: मुलांना त्रास देणारे बहुतेक लोक ओळखीचे असतात, इंटरनेटवरचे अनोळखी नव्हेत, मग फोटोचा एवढा बाऊ कशाला? पण ओळख म्हणजे काय असतं? मुलाचं लाडाचं नाव, शाळा, व्हॅन येण्याची वेळ, कुत्र्याचं नाव, आजी कुठे राहते, काय दिलं की तो खुलतो. हे सगळं पूर्वी फक्त शेजाऱ्याला आणि मामाला ठाऊक असायचं. आज ते आपण रोज थोडं थोडं करून जाहीर करतो. अनोळखी माणसाला ओळखीचं व्हायला आधी महिने लागत, आता एक संध्याकाळ पुरते. "आरव, अरे मी तुझ्या आजीच्या शेजारचा, महालातला, तुझा नंदी मोडला होता ना?" असं कोणी शाळेच्या फाटकाशी म्हणालं, तर कुठलं पोर त्याच्याकडे संशयाने बघेल?

नागपुरी माणसाला समजेल असा एक दाखला देते. समजा आजोबांनी बेसा रोडवरचा एक प्लॉट नातवाच्या नावावर केला. नातू चार वर्षांचा. बापाला पैशांची नड आली, तर तो प्लॉट त्याला परस्पर विकता येईल का? नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञान म्हणजे अल्पवयीन मुलाची स्थावर मिळकत विकायची किंवा गहाण टाकायची तर नैसर्गिक पालकाला आधी न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती मुलाची गरज किंवा त्याचं उघड हित असेल तरच मिळते. बाप मुलाचा वैरी आहे असं हा कायदा म्हणत नाही. मूल बोलू शकत नाही तोवर त्याच्या वाटणीचं कोणीतरी बोललं पाहिजे, एवढंच तो म्हणतो. दीड हजार चौरस फूट जमिनीसाठी आपण ही काळजी घेतली. जमीन परत विकत घेता येते. चार वर्षांच्या मुलाचं आंघोळ करतानाचं चित्र एकदा बाहेर गेलं की कुठल्या दुय्यम निबंधकाकडे जाऊन ते परत नावावर करून घ्यायचं?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, आणि ते हलकं नाही. आपली घरं विखुरली आहेत. ज्यांची मुलं पुण्या-बेंगळुरूला किंवा अमेरिकेत आहेत असे आजी-आजोबा नागपूरच्या प्रत्येक गल्लीत आहेत. नातवाचं पहिलं पाऊल त्यांनी फोनवरच पाहिलं. माझ्या सासूबाई शेवटचं वर्षभर अंथरुणावर होत्या, रोज सकाळी नातीचा व्हिडिओ आल्याशिवाय त्या चहा घेत नसत. हा आनंद काढून घ्या असं मी कशी म्हणेन? पण सासूबाईंना तो व्हिडिओ त्यांच्या फोनवर, फक्त त्यांना येत होता. आजीला दाखवणं आणि चव्हाट्यावर लावणं यांतला फरक आपल्या भाषेला चांगला कळतो. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावणाऱ्या, कोणी फार टक लावून पाहिलं तर पदराखाली घेणाऱ्या बाया आपल्या घरात होत्या. परक्या नजरेची त्यांची भीती मला आज अंधश्रद्धा वाटत नाही.

याहून अवघड प्रश्न आजारी आणि गरीब मुलांचा आहे. स्नायू निकामी करणाऱ्या एका जनुकीय आजारावरचं औषध सोळा कोटींच्या घरात जातं. देशात अनेक बाळांना ते मिळालं, कारण त्यांच्या आईबापांनी बाळाचा चेहरा लोकांपुढे नेऊन पदर पसरला. त्यांना कोण नावं ठेवील? ज्या घराला ओळख नाही, वशिला नाही, तिथल्या कुस्तीगीर पोरीचा किंवा तबला वाजवणाऱ्या पोराचा व्हिडिओ पाहून एखादा उस्ताद पुढे आला, तर तेही खरंच आहे. म्हणूनच मी सरसकट बंदी मागत नाही. प्लॉटचाच कायदा बघा, मुलाची गरज किंवा उघड हित असेल तर विकायला तोही परवानगी देतो. कसोटी तीच लावा. हे मुलाच्या गरजेसाठी आहे की माझ्या? बाळाचा जीव वाचवायला फोटो टाकला असेल, तर पैसे जमल्यावर, उपचार झाल्यावर तो उतरवला का? तबल्याचा व्हिडिओ हातांचा आहे, की नापास झाल्यावर रडतानाचाही त्याच खात्यावर आहे? आमच्या सोसायटीतल्या तीस फोटोंपैकी एकही या कसोटीला उतरला नसता. सायकल मुलाला मिळाली, पण आठवडाभर मतं मागत फिरणारे आपण होतो.

"माझं पोर आहे, माझ्या घरात कोणी नाक खुपसू नये" हा शेवटचा आणि सगळ्यांत जुना आक्षेप. किती जुना? १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा देशात कुठल्याही वयाचं मूल गिरणीत लावायला कायद्याची आडकाठी नव्हती. १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास! आणि हा सुधारणेचा कायदा होता. गिरणीच्या फाटकाशी त्या पोरांना आणून सोडणारे कोण होते? बहुतेक त्यांचेच आईबाप, पोटासाठी. त्यांचं प्रेम आपल्याहून तसूभर कमी नव्हतं. त्या जागेवर आज एम्प्रेस मॉल उभा आहे, आणि तिथल्या सरकत्या जिन्यावर नव्या फ्रॉकमध्ये मुलीला पाच वेळा चढवून-उतरवून रील काढणाऱ्या आईलाही मी प्रेमशून्य म्हणणार नाही. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, एवढीच मागणी. महाराष्ट्र दुभंगला. परक्या सरकारने आमच्या घरात, धर्मात हात घालू नये असं टिळकांच्या बाजूचे लोक म्हणत होते, आणि परकीय सत्तेखाली त्या आक्षेपाला वजन होतं हे मान्यच करायला हवं. आगरकर दुसऱ्या बाजूला उभे होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्या वादाकडे पाहताना खुपतं ते हे की दोन्हीकडचे मोठे लोक बोलले, लिहिलं, सभा घेतल्या, आणि ज्यांच्या शरीराविषयी वाद होता त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींना कोणी विचारलं नाही. घराचा उंबरठा पवित्र आहे. पण त्या उंबरठ्याच्या आत राहणारं सगळ्यांत लहान माणूसही त्या घराचाच भाग आहे. शिवाय फोटो जाहीर टाकला त्या क्षणी उंबरठा आपणच ओलांडलेला असतो. चौकात येऊन "हे माझ्या घरातलं आहे" असं कसं म्हणता येईल?

पैशाचा भाग तर उघडच अन्यायाचा आहे. चॅप्लिनच्या मूकपटातून जगभर गाजलेला बालनट जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याच्या कमाईतलं फारसं काही उरलंच नव्हतं. ती आई आणि सावत्र वडिलांनी उडवली होती. त्याने १९३८ मध्ये दावा लावला आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांची कमाई राखून ठेवणारा कायदा झाला. फ्रान्सने २०२० मध्ये असंच संरक्षण इंटरनेटवरच्या मुलांना दिलं. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराकडून काम करून घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि कमाईचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. जाहिरातीच्या सेटवर एक दिवस उभ्या राहिलेल्या मुलासाठी ही सोय आहे. घरच्या सोफ्यावर वर्षभर कपड्यांची, बिस्किटांची, खेळण्यांची जाहिरात करणाऱ्या मुलासाठी असा अर्ज घेऊन सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कचेरीत कोणी गेल्याचं मी आजवर ऐकलं नाही. सोफा घरचा असला तरी काम ते कामच. वीस टक्क्यांचा नियम या मुलांना नाव घेऊन लागू करावा, ही मागणी कुठल्याच पक्षाला जड जाऊ नये.

आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आणि त्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेले नियम अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतात. मुलाची माहिती वापरायला कंपनीने पालकांची पडताळलेली परवानगी घ्यावी, मुलाच्या मागावर राहून त्याला हेरून जाहिराती दाखवू नयेत, असं तो सांगतो. चांगलंच आहे. पण त्याचा सगळा भरवसा पालकाच्या सहीवर आहे. कुटुंबाच्या खासगी कामासाठी वापरलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि ज्याची त्याने स्वतः जाहीर केलेली माहितीही बाहेर आहे. मुलाच्या बाबतीत 'ज्याची त्याने' यात कायदा आईबापालाही धरतो. याचा अर्थ सरळ लावला, तर मी टाकलेल्या त्या व्हिडिओवरचं माझ्या मुलाचं संरक्षण मीच काढून घेतलं होतं. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. बालपणीच्या गोष्टींच्या खुणा आयुष्यभर माणसाच्या मागे लागू नयेत, ही काळजी त्याच निकालात न्यायमूर्ती कौल यांनी व्यक्त केली. अठरा पूर्ण झाल्यावर, आईबापाने टाकलेलंही उतरवून घेण्याचा थेट हक्क मुलाला असला पाहिजे. त्यासाठी त्याला आईविरुद्ध भांडावं लागू नये, कंपनीला अर्ज केला की पुरे व्हावं.

कायदा येईल तेव्हा येईल. शाळांना हे आजच करता येतं. प्रवेशाच्या अर्जात बारीक अक्षरांत "फोटो वापरण्यास हरकत नाही" असं छापून सही घेण्याऐवजी "हरकत आहे" हा चौकोनही छापा, आणि हरकत घेणाऱ्याचं मूल स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभं करू नका. घरात मुलाला विचारायची सवय पाचव्या-सहाव्या वर्षी लागते. "हा आजीला पाठवू?" आणि "हा सगळ्यांना दाखवू?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगळेच विचारावे. पहिल्याला हो म्हणणारं पोर दुसऱ्याला अनेकदा नाही म्हणतं, हे मी धाकटीच्या बाबतीत पाहिलंय. आणि जो मुलगा घरी स्वतःच्या फोटोला नाही म्हणायला शिकलाय, तोच पुढे चौदाव्या वर्षी कोणी अनोळखी माणसाने फोटो मागितला तर नाही म्हणेल. काकाजींची बंदी आणि तरुण बापाचं शिक्षण, दोन्हीची सुरुवात इथे आहे.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी मांडणार आहे ते असं: नंदी-सजावटीचं बक्षीस अंगणात उभ्या असलेल्या लोकांनी ठरवावं, फोटो फक्त सोसायटीच्या बंद ग्रुपवर जावेत, त्यावर नाव, शाळा, इमारत असू नये, आणि ज्या घराला नको त्या घराला कारण विचारू नये. बोजारा आहे तसाच. मारबतीच्या मिरवणुकीला मुलांना खांद्यावर बसवून नेतो तसं नेऊच. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या आईला मी फोन केला, ती यायला तयार आहे. सेक्रेटरींनाही मेसेज केलाय की यंदाचं काहीही ठरो, गेल्या वर्षीचे फोटो आधी पेजवरून उतरवा. त्याला चार दिवस झाले. आज सकाळी पाहिलं, तीसच्या तीस तिथेच आहेत, नावांसकट.